परवलीचा शब्द ज्याचा त्याचाच हवा



शेतकी खात्याकडून लेख आला म्हणजे तो खोडव्यावर, बेण्यावर नाहीतर हुमणीवर असणार, अशी आपली समजूत असते आणि ती रास्त आहे. या वेळी मात्र आम्ही संगणकाच्या पासवर्डवर लिहीत आहोत. ‘हे कशाला आता मध्येच?’ असे कोणी म्हणेल. पण बघा, आपल्या उसाची नोंद, तोडणीची पाळी, काट्यावरचे वजन आणि सरतेशेवटी बिल, या चारही गोष्टी आज संगणकातून जातात. त्या संगणकाच्या दाराला जे कुलूप आहे, त्याची किल्ली म्हणजे पासवर्ड. जुन्या काळी गडाच्या दरवाजावर परवलीचा शब्द विचारीत, तसाच हा प्रकार. ही किल्ली कोणाकोणाच्या हातात आहे, हे ऊस घालणाऱ्याने विचारायचे नाही तर कोणी विचारायचे?

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. चौघांत मिळून एकच पासवर्ड वापरायची जी सवय खात्याखात्यांत पडली आहे, ती मोडली पाहिजे. ती मोडायची तर दर महिन्याला सक्तीने पासवर्ड बदलायला लावण्याची पद्धत थांबवली पाहिजे. आणि एका यंत्रावर बदललेला पासवर्ड दुसऱ्या यंत्रावर का चालत नाही, याचा छडा गाळप सुरू होण्याआधीच लावून ठेवला पाहिजे. या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, त्या कशा ते पाहू.

बोट कुणाचं लागलं?

गेल्या हंगामातली गोष्ट आहे. एका सभासदाच्या आडसाली लागणीची तारीख ५ ऑगस्ट. पाहणीच्या फॉर्मवर तीच, त्यांच्या हातातल्या नोंद पावतीवर तीच. संगणकात मात्र २५ ऑगस्ट. तोडणीचा कार्यक्रम संगणकातल्या तारखेवरून लागतो, त्यामुळे त्यांची पाळी मागे गेली. शेजारचा फड मोकळा झाला, तिथे गहूही उगवून आला, आणि यांचा ऊस आपला उभाच. ते गट ऑफिसला आले. आरडाओरडा केला नाही. म्हणाले, “चूक हुती, माणूसच हाय. पण बोट कुणाचं लागलं, तेवढं तरी सांगा.”

संगणकाला विचारले. त्याने एका कारकुनाचे नाव सांगितले. कारकुनाला खुलासा मागणारी नोटीस निघाली. मग हजेरीपत्रक काढले, तेव्हा समजले की तारीख बदलली त्या दिवशी तो रजेवर होता. त्याचा पासवर्ड ऑफिसातल्या चौघांना पाठ होता. तारीख मूळ फॉर्मवरून दुरुस्त झाली, नोटीसही मागे घेतली गेली. पण हात कोणाचा होता हे आजवर कळलेले नाही आणि यापुढेही कळायचे नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, पण इथे तर चोर होता की नुसती बोटाची चूक होती, हेही समजायला मार्ग राहिला नाही. शेतकऱ्याचा वीस दिवसांचा तोटा झाला, कारकुनाच्या नावाला बट्टा लागला, आणि बाकीच्या तिघांवर संशय कायमचा राहिला.

आता एकाचा पासवर्ड चौघांना का ठाऊक? कामचुकारपणा म्हणून हात झटकणे सोपे आहे. आम्हाला ते पटत नाही. वरून फर्मान होते की महिना झाला, पासवर्ड बदला. मुलांनी बदलला. बदलल्यावर तो एका ठिकाणी चालला, दुसऱ्या ठिकाणी चालला नाही. यार्डात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, तोडलेला ऊस उन्हात वाळतोय, ड्रायव्हर खिडकीवर हात आपटतोय, आणि आत कॉम्प्युटर म्हणतोय, पासवर्ड चुकीचा आहे. अशा वेळी ज्याचा चालतो त्याचा सगळ्यांनी वापरला. अडला हरी, दुसरे काय! पुढे तीच रीत झाली.

पासवर्ड जन्मला पाळीसाठी

पासवर्ड म्हणजे गुपित, असे आपण धरून चालतो. मुळात तो पाळीसाठी आला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एमआयटी या संस्थेत एक मोठा संगणक पुष्कळ जणांनी वाटून वापरण्याची व्यवस्था फर्नांडो कोर्बातो यांच्या देखरेखीखाली उभी राहिली. यंत्र एक आणि वापरणारे अनेक. म्हणून प्रत्येकाला वेळ ठरवून दिलेली होती आणि प्रत्येकाच्या नावापुढे पासवर्ड होता. पाटाच्या पाण्यासारखेच की! १९६२ साली तिथल्याच ॲलन शेर या संशोधकाला आपली वेळ पुरेना. त्याने पासवर्डांची अख्खी यादीच यंत्राकडून छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावावर आपले काम चालवले. बांध फोडून शेजाऱ्याच्या पाळीचे पाणी घेण्यातलाच हा प्रकार. सांगायचा मुद्दा असा की नाव आणि पासवर्ड यांची गाठ सुटली की हक्काचीही गाठ सुटते. हे साठ वर्षांपूर्वीच दिसून आले आहे.

ऊस आणि संगणक ही जोडीही आपल्याकडे कालची नाही. १९९८ साली वारणा परिसरातल्या ७० गावांत संगणक केंद्रे काढून ती कारखान्याशी जोडण्याचा प्रकल्प झाला होता. ऊसनोंद, तोडणी, बिल यांची माहिती गावातच मिळावी हा त्याचा हेतू. तेव्हा ‘आम्ही शेतकरी माणसं, आम्हाला काय त्यातलं कळतंय’ हे म्हणणे आता सोडून द्यायला हवे.

एक माणूस, दोन वह्या

पासवर्ड एकीकडे चालतो आणि दुसरीकडे चालत नाही, याचे कारण जादूटोणा नाही. आपल्या कारखान्यातला मुख्य संगणक लिनक्स या पद्धतीवर चालतो. शेतकी ऑफिसातले, गट ऑफिसातले आणि हिशेब विभागातले संगणक विंडोजवर चालतात. या दोघांची भाषा वेगळी. मध्ये दुभाष्याचे काम ‘साम्बा’ नावाचा प्रोग्राम करतो. अँड्र्यू ट्रिजेल यांनी तो १९९१-९२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे लिहायला घेतला, आणि आज जगभर तो वापरला जातो. या दुभाष्याची पासवर्डांची वही स्वतंत्र असते, आणि लिनक्सची स्वतःची वही स्वतंत्र. माणूस एक, नाव एक, पण वह्या दोन. मुख्य संगणकावर बसून एखाद्याने नेहमीच्या पद्धतीने पासवर्ड बदलला की लिनक्सच्या वहीत नवा येतो आणि साम्बाच्या वहीत जुनाच राहतो. म्हणून काट्यावर नवा चालतो आणि गट ऑफिसातून नोंदीचा फोल्डर उघडायला जुना लागतो. बिचाऱ्या कारकुनाला वाटते, आपलेच डोके फिरले.

मग एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरवून का घेत नाहीत? ते शक्य नसते, आणि नसते तेच बरे. पासवर्ड वहीत आहे तसा लिहून ठेवीत नाहीत. आधी तो गणिताच्या चरकातून काढतात आणि उरलेले चिपाड तेवढे ठेवतात. आपण पासवर्ड टाइप केला की यंत्र तोही पिळते आणि दोन्ही चिपाडे जुळतात का पाहते. चिपाडापासून पुन्हा ऊस करता येत नाही. म्हणून वही चोरीला गेली तरी नीट निवडलेला पासवर्ड सहजासहजी हाती लागत नाही. पण लिनक्सचा चरक वेगळा आणि विंडोजचा वेगळा. एकाचे चिपाड दुसऱ्याच्या कामाचे नाही. याचा अर्थ, पासवर्ड ज्या क्षणी बदलला जातो त्याच क्षणी तो दोन्ही चरकांत घातला पाहिजे. मागाहून जुळवाजुळव होत नाही.

साम्बामध्ये याची सोय आहे. पासवर्ड साम्बाच्या दारातून बदलला तर त्याच वेळी लिनक्सच्या वहीतही लिहावा, असे त्याला सांगून ठेवता येते. मात्र ही वाट एकाच दिशेची आहे. लिनक्सच्या दारातून बदलला तर साम्बाला ते कळत नाही. म्हणून नियम एकच करावा, की पासवर्ड बदलायचे दार एक आणि सगळ्यांनी त्याच दाराने जावे. याहून चांगला उपाय म्हणजे कारखान्यातल्या सगळ्या यंत्रांची मिळून एकच वही करावी. तिला डोमेन म्हणतात. खर्च आहे, माणूसही जाणता लागतो. पण वजनकाट्याच्या दुरुस्तीला आपण ‘खर्च फार होतो’ म्हणत नाही, मग इथेच का म्हणावे?

रोग रेड्याला, औषध पखालीला

गेल्या हंगामात ही अडचण आली तेव्हा काय काय झाले पाहा. कोणी केबल बदलली, कोणी यंत्र बंद करून चालू केले, कोणी कारकुनाला टाइप करायला शिकवले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! पासवर्ड चालेनासा झाला तर कोणत्या क्रमाने पाहावे, हे खालीलप्रमाणे प्रत्येक ऑफिसात लावून ठेवावे अशी आमची सूचना आहे.

पहिली गोष्ट, कळफलक. आपल्या ऑफिसांत मराठी टायपिंग चालते. भाषा मराठीवर राहून गेली की पासवर्डच्या चौकटीत काय उमटतेय ते दिसत नाही, नुसते ठिपके दिसतात. कॅप्स लॉक आणि आकड्यांचा नम लॉक हेही पाहावे. निम्मी भांडणे इथेच मिटतील.

दुसरी, जुना पासवर्ड यंत्राने लक्षात ठेवला आहे का. विंडोजला एकदा ‘लक्षात ठेव’ म्हटले की ते इमानाने लक्षात ठेवते. आपण नवा केला तरी ते मुख्य संगणकाकडे जुनाच पाठवीत राहते, आणि आपल्याला काही विचारतही नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये क्रेडेन्शियल मॅनेजर आहे, तिथून जुनी नोंद काढून टाकावी आणि यंत्र पुन्हा चालू करून नवा पासवर्ड द्यावा. शिवाय एकाच विंडोजवरून एकाच मुख्य संगणकाशी एका वेळी दोन वेगळ्या नावांनी जोडणी सहसा होत नाही. आधीच्या पाळीचा माणूस जोडणी उघडी ठेवून गेला असेल, तर नंतरच्याला अडवणूक होते. जाताना आपल्या नावातून बाहेर पडणे हा त्यावर उपाय.

तिसरी, खाते बंद पडले आहे का. ठरावीक वेळा चुकीचा पासवर्ड आला की खाते आपोआप बंद व्हावे, अशी तजवीज केलेली असते. पण चुकीचा पासवर्ड माणसानेच दिला असे नाही. रात्री आपोआप चालणारे बॅकअप किंवा दुसऱ्या खोलीत चालू राहिलेले यंत्र जुना पासवर्ड ठोठावीत बसते आणि खाते बंद पाडते. माणसाला बोल लावण्यापूर्वी, चुकीचे प्रयत्न कोणत्या यंत्रावरून आले ते मुख्य संगणकाच्या नोंदीत पाहावे. ते तिथे लिहिलेले सापडते.

चौथी, लॅपटॉप. डोमेनची व्यवस्था असेल तिथे गावोगाव नेलेला लॅपटॉप नेटवर्क नसताना जुन्याच पासवर्डने उघडतो. त्याला बदल झाल्याचे ठाऊकच नसते. ‘घरी उघडतंय अन् ऑफिसात उघडत नाही’ ही तक्रार त्यातूनच येते. असा लॅपटॉप नेटवर्कला जोडून एकदा नव्या पासवर्डने उघडावा.

पाचवी, घड्याळ. डोमेनच्या व्यवस्थेत यंत्र आणि मुख्य संगणक यांच्या घड्याळांत साधारण ५ मिनिटांहून जास्त फरक पडला, तर बरोबर पासवर्डही नाकारला जाऊ शकतो. आतली बारकी बॅटरी संपली की जुन्या यंत्राचे घड्याळ मागे पडते. ते तर आपल्याला दुहेरी महत्त्वाचे. काटा पावतीवर तारीख आणि वेळ त्याच घड्याळाची पडते, आणि ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ ने बिलाची १४ दिवसांची मुदत ऊस पोचल्यापासून धरली आहे.

एवढे सगळे ठीक निघाले, तर मग दोन वह्यांचा दोष समजावा आणि जाणत्या माणसाला बोलवावे. एखाद्या फार जुन्या यंत्रावर लांब पासवर्डच मावत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. जुन्या युनिक्समध्ये पहिली ८ अक्षरेच धरली जात, पुढची कितीही लिहिली तरी व्यर्थ.

महिन्याच्या सक्तीने काय साधले?

‘वरचेवर बदललेला बरा’ असे म्हणणारे काही चूक माणसे नव्हेत. जगभर हेच सांगितले जात होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने काढलेल्या मार्गदर्शिकेतून अशा सवयी पसरल्या. त्या लिहिणारे बिल बर यांनीच २०१७ साली, आपण सांगितलेल्या पुष्कळ गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो, असे जाहीरपणे सांगितले. त्याच वर्षी त्या संस्थेने आपला सल्ला बदलला. विनाकारण ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये, फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा जरूर बदलावा. कारण उघड आहे. सक्ती केली की माणूस शेवटचा आकडा एकने वाढवतो, नाहीतर चिठ्ठी लिहून पडद्याच्या कडेला चिकटवतो. आपल्याकडे दोन्ही झाले, वर चौघांत एक पासवर्ड झाला. म्हणजे कुंपण वरचेवर नवे घालायच्या नादात फाटकच उघडे राहिले.

‘कारखाना आहे हो, बँक नव्हे, एवढं कशाला?’ असा आक्षेप येतो. आम्ही उलट विचारतो, काट्यावर पडणारा आकडा हा पैसा नाही तर काय आहे? बँकेत एकाची सही दुसऱ्याने मारलेली आपल्याला चालेल का? दुसरा आक्षेप वेळेचा. ऐन हंगामात हे खटाटोप कोण करणार? अगदी बरोबर. तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणूनच तर हे आत्ता लिहीत आहोत. हिशेब तपासणीच्या किंवा कर्जाच्या अटीत मुदतीने बदलण्याचे बंधन असेल, तर ते पाळावेच लागेल. पण ते काम त्या एका ठरलेल्या दारातून करावे, आणि जमेल तिथे गाळप बंद असताना उरकावे.

मोळी पडण्यापूर्वी

बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, गव्हाणीत मोळी पडते, त्याआधी फिटर लोक प्रत्येक रोलर फिरवून पाहतात. तसेच संगणकाचे व्हावे. मोळी पडण्यापूर्वी आठ दिवस प्रत्येक कारकुनाने, चिटबॉयने आणि काटा क्लार्कने आपल्या नावाने आणि आपल्या पासवर्डने, ज्या ज्या यंत्रावर त्याला काम करायचे आहे त्या प्रत्येक यंत्रावर प्रवेश करून दाखवावा. जिथे अडेल तिथे त्याच आठवड्यात दुरुस्ती करावी. माणूस बदलीवर गेला किंवा निवृत्त झाला की त्याचे खाते त्याच दिवशी बंद व्हावे. आणि पाळीत पासवर्ड अडलाच, तर दुसऱ्याचा न वापरता तेवढा वेळ हाताने पावती लिहावी. पावतीपुस्तक अजून आपल्या कपाटात आहे, आणि हाताने लिहिलेल्या पावतीखाली सही तरी असते.

आपणा सभासदांकडूनही दोन गोष्टी हव्यात. नोंद पावती मिळाली की संगणकातली तारीख, क्षेत्र आणि जात तिच्याशी ताडून पाहा, आणि फरक असेल तर तोडणीची वाट न पाहता लगेच गट ऑफिसला कळवा. दुसरे, आपला ट्रॅक्टर रांगेत असताना ‘कुणाच्या बी नावानं काढ, पण पावती दे’ असा तगादा खिडकीवर लावू नका. ती घाई उद्या आपल्याच अंगावर येते. वार्षिक सभेत उसाच्या दरावर आपण हिरिरीने बोलता, बोललेच पाहिजे. त्याच सभेत एवढेही विचारा, की आमच्या नोंदीवर कोणाचे बोट लागले हे कारखाना सांगू शकतो का?

गेल्या हंगामात त्या सभासदाने हेच विचारले होते आणि आपल्याजवळ उत्तर नव्हते. येत्या हंगामात असा प्रश्न कोणी विचारला, तर उत्तर देता आले पाहिजे. एवढी व्यवस्था संचालक मंडळाने आणि आम्ही खात्याच्या लोकांनी मिळून करावी, ही विनंती.



ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग